मिंगू काकांची चांदीची म्होरकी

मिंगू काका वसईच्या होळी भागातल्या बाजारात शिंकले की तिकडे अर्नाळ्याच्या किल्ल्यावरची कबुतरं उडायची. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, कारण एका वेळी दोन ठिकाणी असण्याची सोय अजून वसईत झालेली नाही. पण कबुतरं उडताना ज्याने पाहिली त्याला मी ओळखतो, आणि तो माझ्यापेक्षा जास्त खोटं बोलत नाही. माझ्या बोलण्याला भागाकार लागतो हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वीस सांगितले तर पाच धरावेत, असा साधारण दर आहे. मी बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो. सगळं आयुष्य नवरदेवापुढे गाल फुगवून चालण्यात गेलं, तेव्हा गोष्टीही थोड्या फुगायच्याच.

मिंगू काका मात्र मुळातच अशा मापाचे होते की फुगवायला जागा नव्हती. दारातून आत येताना त्यांना मान लववावी लागे, आणि ती ते फक्त दोन ठिकाणी लववत: देवळात आणि तबेल्यात. हाताचे पंजे केळीच्या लोंगरासारखे. वरातीला घोड्या पुरवणं हा धंदा. घरामागे वाडी, वाडीत केळी आणि पानवेल, मध्ये हिरव्या पाण्याचं बावखल, म्हणजे जुनं तळं, आणि बावखलाच्या काठाला चार पांढऱ्या घोड्यांचा तबेला. तो तबेला इतका स्वच्छ की नतालकाकी, म्हणजे त्यांची बायको, पाहुणे जास्त झाले की म्हणायची, "दोघं-तिघं घोड्यांकडे झोपा, तिकडे डास पन कमी हाय."

काकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, थर्मामीटर असे. थर्मामीटरला दोरी, दोरीच्या टोकाला कपडे वाळत घालायचा चिमटा. थर्मामीटर घोडीच्या शेपटीखाली आणि चिमटा शेपटीच्या केसांना, म्हणजे घोडी हलली तरी तो हरवायला नको. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक घोडीचा ताप बघितल्याशिवाय काका चहाला हात लावत नसत.

"माझा ताप कधी बघितला नाय यानं," नतालकाकी म्हणायची. "मी चार पायांची असते तर माझं सोनं झालं असतं."

"चार पाय असते तर पहिल्याच बाजारात विकली असती तुला," काका म्हणायचे. "दात बघितले असते ना आधी."

ती हातातलं जे असेल ते फेकून मारायची. एकदा नारळ होता. काकांनी तो झेलला, फोडला, आणि खोबरं घोडीला घातलं. (नारळाला चाराने भागू नये. नारळ एकच होता.)

त्या थर्मामीटरने पापडी गावात एक वरात मोडली, तेव्हा मी हजर होतो. नवरदेव घोडीवर चढलेला, फेटा बांधलेला, वर ड्रोन घोंघावतोय, आणि आम्ही पहिला सूर लावणार एवढ्यात काकांनी सगळ्या वऱ्हाडासमोर घोडीची शेपटी उचलली. बायकांनी पदर तोंडाला लावले. काकांनी थर्मामीटर काढून उजेडात धरला आणि नवरदेवाला म्हणाले, "उतर खाली, बाळा."

नवरदेवाचा मामा धावत आला. "अहो, असं काय करता? मुहूर्त आहे!"

"मुहूर्त तुमचा हाय, ताप हिचा हाय."

"एवढ्याशा तापानं काय होतंय? अर्ध्या तासाचं काम!"

"मग तुम्ही घ्या त्याला खांद्यावर. तुम्हाला तर ताप नाय ना?"

शेवटी नवरदेव फुलवाल्याच्या टेम्पोत, गोंड्याच्या हारांच्या ढिगावर बसून मांडवात गेला. मी आजही सांगतो, वसईत तेवढी सुगंधी वरात पुन्हा झाली नाही. दुसऱ्या दिवशी त्या घोडीच्या खुरातून वाटीभर पू निघाला. पुलाच्या कामाजवळचा खिळा रुतला होता. वरून काही दिसत नव्हतं, लंगडतही नव्हती. काका तिचा पाय गरम मिठाच्या पाण्याच्या बादलीत धरून बसले होते आणि सरकारी दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम धनुर्वाताची सुई भरत होत्या.

"काल चालवली असती तर?" मी विचारलं.

"तर आज तू तिच्या मयताला वाजवत असतास, पुंग्या," काका म्हणाले. मला ते पुंग्या म्हणायचे. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, मला शंकाच आहे.

वसई-विरारात जेवढे घोडेवाले, तेवढे सगळे त्यांचे चेले. राजोडीच्या किनाऱ्यावर पोरांना फेऱ्या मारणारे, नाळ्याचे, सोपाऱ्याचे. कुणाची घोडी आजारी पडली की पहिला फोन काकांना, दुसरा डॉक्टर मॅडमना. काकांचे नियम लहान पोरांच्या कवितेसारखे पाठ होते सगळ्यांना. प्रत्येक घोडीची बादली वेगळी. नवीन घोडी आली की तीन आठवडे एकटी. आजारी घोडीला बघणारा माणूस दुसऱ्या घोडीला हात लावणार नाही. नाकातून घट्ट पिवळं आलं की घरातल्या घरात सुई मारायची नाही, डॉक्टरबायला बोलवायचं. आणि वर त्यांचं एक वाक्य: "घोडा खोटं बोलत नाय, घोडेवाला बोलतो."

एका हॉलवाल्याने कौतुकाने घोड्यांसाठी मोठा प्लास्टिकचा टब भरून ठेवला होता, येणाऱ्या सगळ्या घोड्यांना मिळून एक. काकांनी आल्या आल्या तो लाथेने उलथवला. पाणी मांडवातून, खुर्च्यांखालून, नवरीच्या आत्याच्या नव्या शालूला भेटून थेट जिलेबीच्या भट्टीपर्यंत गेलं. हॉलवाला ओरडला, काका त्याच्याहून मोठ्याने ओरडले, "एका टबात पानी म्हनजे एका बिछान्यात आजार!" त्या दिवशीची जिलेबी सरबतासारखी ग्लासातून वाढावी लागली असं मी सांगत असतो. तिथे भागाकार करायला हरकत नाही.

आणि त्यांची म्होरकी.

म्होरकी म्हणजे घोडीच्या तोंडावर चढवायचा साज. काकांची म्होरकी चामड्याच्या पट्ट्यांवर चांदीची फुलं ठोकून केलेली. कपाळावर सूर्य, कानाशी घुंगरू, आणि तोंडात जाणारी लोखंडी कडी. ती त्यांनी हौसेने घडवून घेतली होती आणि ज्याची वरात मोठी त्याला ती फुकट मिळायची. रात्री घेऊन जा, सकाळी आणून दे. नायगावपासून विरारपर्यंत कुठल्याही घरातला लग्नाचा अल्बम उघडा: नवरे वेगळे, नवऱ्या वेगळ्या, म्होरकी एकच. कुणी भाडं विचारलं तर काका भडकायचे. "देवळातली झुंबरं भाड्यानं देतात काय?" परत आली की कोरड्या फडक्याने पुसायची, चामड्याला खोबरेल चोळायचं आणि खुंटीला टांगायची. पाणी लावायचं नाही. पाण्याने चामडं तडकतं. बादल्या उकळत्या पाण्याने धुणारा माणूस म्होरकीला पाण्याचा थेंब लागू देत नसे, आणि आम्हा सगळ्यांना त्यात फक्त त्याचं प्रेम दिसायचं.

दोन वर्षांपूर्वी सुमनबाई आली. मूळची फलटणकडची. नवरा सातिवलीच्या एका कारखान्यात, राहणं गोखिवऱ्याच्या चाळीत, चाळीमागे पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये माहेराहून आणलेली साळू नावाची पांढरी घोडी. साळूची कमाई ही घरात तिच्या स्वतःच्या नावाची पहिलीच असणार होती. ती साळूला हाताने धरून, ट्रक-रिक्षांच्या गर्दीतून, पूल ओलांडून, पायी होळीच्या बाजारात आली.

"काका, आमाला वरातीत उभी करा."

काकांनी साळूच्या नाकपुड्या बघितल्या, जबड्याखाली बोटं फिरवली, कान लावून श्वास ऐकला. मग म्हणाले, "घोडी रानी हाय. पन नवीन हाय. तीन आठवडे एकटी ठेव. रोज ताप. मग ये."

सुमनबाईने ते असं पाळलं की काकाही चकित झाले. रोज सकाळी काकांच्या मोबाइलवर तिचा आवाज यायचा: "काका, शंभर." एवढंच. घोडीचं अंग एरवी तेवढंच गरम असतं. काका तो स्पीकरवर लावून बाजारभर ऐकवायचे. "ऐका रे, ऐका! ह्याला म्हनतात घोडेवाली. तुम्ही सगळे गाढववाले!" आणि तीन आठवड्यांनी साळूच्या पहिल्या वरातीला काकांनी शेवंतीच्या तोंडावरची म्होरकी उतरवून स्वतःच्या हाताने साळूच्या तोंडावर चढवली. शेवंती ही त्यांची लाडकी, सगळ्यात तरुण घोडी, त्याआधीच्या पावसाळ्याच्या तोंडावरच विकत घेतलेली. त्या वरातीत मी होतो. साळू अशी चालली की बँडचा ठेका आम्ही तिच्या पावलांवरून धरला.

इथून पुढे भागाकार करू नका.

आठ-दहा दिवसांनी साळूने वैरण सोडली. ताप चढला, नाकातून घट्ट पिवळं येऊ लागलं आणि जबड्याखाली लिंबाएवढ्या गाठी उठल्या. डॉक्टर त्याला स्ट्रँगल्स म्हणतात. आमचे घोडेवाले नुसतं 'गाठी' म्हणतात. जिवाणूंचा आजार, घोड्याघोड्यात वणव्यासारखा पसरणारा. मागोमाग राजोडीच्या दामूची घोडी पडली. मग नाळ्याची. मग सोपाऱ्याच्या दोन. ऐन लग्नसराईत एकेक तबेला बंद झाला. फक्त काकांच्या चारही घोड्या ठणठणीत होत्या. त्यामुळे काकांचा शब्द जास्तच खरा वाटत होता.

त्या दिवसांत काका खरोखर मोठे होते, हे मला नाकारता येणार नाही. प्रत्येक तबेल्याच्या बाहेर, रस्त्यावर उभे राहून ते ओरडून सांगत. आत जात नसत, हात लावत नसत. "शेक द्या! गरम फडक्यानं, दिवसातनं चार वेळा! गाठ पिकू दे, आपन फुटू दे, नाय तर डॉक्टरबाय कापील! मेडिकलमधनं सुया आनू नका, अर्धवट औषधानं गाठ दडून बसते! कोंडा भिजवून द्या, घसा दुखतो तिचा! पू लागलेला पेंढा जाळा!" डॉक्टर मॅडम मागून येत आणि म्हणत, "काकांनी सांगितलंय तेच. मी फक्त कुणाला औषध द्यायचं, कुणाला नाही, तेवढं बघते." एकही घोडी मेली नाही. त्या तोंडाने काकांनी इतक्या जणींना वाचवलं आणि त्याच तोंडाने एकीला बुडवलं.

चहाच्या टपरीमागच्या मोकळ्या जागेत सगळे घोडेवाले जमले होते. सगळ्यांचा धंदा बसलेला, सगळ्यांना कोणीतरी हवं होतं. दामू म्हणाला, "पहिली कोनाची पडली ते बघा ना."

सगळ्यांनी सुमनबाईकडे पाहिलं. ती थेट शेडमधून आली होती, सगळ्यांपासून लांब, एकटी उभी होती.

काका उठले. त्यांचा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे. "पहिली हिची पडली. नवी हिची आली. देशावरनं धूळ आनि रोग घेऊन आली ही बाय."

"काका, मी वेगळी ठेवली हुती," ती म्हणाली. "रोज तुमाला ताप सांगत हुते."

"सांगायला काय जातं? तोंड तुझं, आकडा तुझा."

"मी खोटं बोलले म्हनताय?"

"घोडी बोलते काय? मग कोन बोलतं?" आणि मग सगळ्यांकडे वळून, हशा मिळवायची त्यांची ती जुनी पद्धत, एक हात कमरेवर, एक वर: "वरातीला घोडेवाली मागवली होती, आली गाठीवाली!"

लोक हसले. असे हसले की टपरीवाल्याने डोकं बाहेर काढलं. सुमनबाईने पदर खांद्यावर घेतला आणि ती गेली. त्या दिवसापासून तिला सगळेच गाठीवाली म्हणू लागले. हॉलवाले, फोटोवाले, फुलवाले. पेंढ्याचा टेम्पोवाला गोखिवऱ्याला यायचा बंद झाला. ती डोक्यावर भारे आणू लागली.

साळू बरी झाली, पण पुरती नाही. आजारात घशाची नस दुखावली. आता ती थोडं जोरात चालली की श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतो. तिला त्रास नाही, असं डॉक्टर मॅडम म्हणतात. पण ऐकणारा वळून बघतो.

हंगाम संपल्यावर मॅडम म्हणाल्या, बरी झालेली प्रत्येक घोडी तपासायला हवी. काही घोड्या वरून धडधाकट दिसतात, पण घशाच्या मागच्या पोकळीत जिवाणू महिनोन्महिने बाळगतात आणि वाटत फिरतात. काका छाती काढून पुढे आले. "माझ्या तर आजारीच नव्हत्या. पन आधी माझ्या तपासा. म्हनजे बाकीच्यांना जरा लाज वाटेल."

तपासणीचं उत्तर आलं त्या सकाळी मी काकांच्या वाडीत होतो, एका लग्नाची वेळ ठरवायला. मॅडम तबेल्याच्या दाराशी उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत.

"काका, शेवंतीला मागच्या पावसाळ्यात काही झालं होतं?"

"सर्दी. नवीन होती ना. म्हनून वेगळीच ठेवलेली."

"गाठ?"

"एक. बारीकशी. फुटली, बरी झाली."

"मला बोलावलं नाहीत."

"बारीकशी होती, बाय. मला काय कळत नाय काय?"

"किती दिवस वेगळी होती?"

"गाठ सुकली तोवर. मग लग्नं सुरू झाली." काकांचा आवाज पहिल्यांदा मी माणसाएवढा ऐकला.

"शेवंतीमध्ये अजून आहे काका. तुमच्या बाकीच्या तिघी वयस्क आहेत, लहानपणी त्यांना होऊन गेलं असेल, म्हणून टिकल्या. साळूची तपासणी स्वच्छ आली. पाणी वेगळं होतं?"

"वेगळं."

"बादली?"

"वेगळी. सगळं वेगळं होतं. कोनाची घोडी इथं आली नाय, माझी कोनाकडे गेली नाय. मग कसं..."

त्यांनी खुंटीकडे बघितलं नाही. उलट खुंटी सोडून सगळीकडे बघितलं: छपराकडे, बावखलाकडे, माझ्याकडे, शेवंतीच्या पायांकडे. एवढा मोठा माणूस डोळे ठेवायला जागा शोधत होता. शेवंती, नंतर साळू, नंतर दामू, नंतर नाळा, नंतर सोपारा. म्होरकी ज्या क्रमाने फिरली त्याच क्रमाने आजार फिरला होता, आणि ती क्रमवारी सगळ्या वसईत एकाच माणसाला तोंडपाठ होती.

शेवंतीच्या घशाची पोकळी मिठाच्या पाण्याने धुवायची, आत औषध सोडायचं, पुन्हा पुन्हा तपासायचं, तोवर तिला कुठे न्यायचं नाही, एवढं मॅडमनी शांतपणे सांगितलं आणि गेल्या. काकांनी म्होरकी उतरवली, चांदीची फुलं पक्कडीने एकेक उपटली, आणि चामडं जाळलं. ओल्या केसांसारखा वास वाडीभर पसरला. नतालकाकी दारात आली, बघितलं, आणि दार ओढून घेऊन आत गेली.

"पुंग्या, तुझी स्कूटर हाय काय?" काका म्हणाले. "गोखिवऱ्याला सोड मला."

त्यांनी अंघोळ केली, दुसरे कपडे घातले, दुसऱ्या चपला. सुमनबाईच्या शेडबाहेर पोचल्यावर तरीही आत गेले नाहीत. बाहेरूनच म्हणाले, "बाय, पाय धुवायला औषधाचं पानी दे. मी आजाराच्या घरातनं आलो."

ती साळूला घेऊन बाहेर आली. साळूच्या पाठीवर हात तसाच. "आता कशाला धुताय काका? जे यायचं हुतं ते येऊन गेलं."

"माझ्या घरातनं आलं ते. माझ्या हातानं आलं. मीच तिच्या तोंडावर चढवलं."

"ठाव हाय मला."

काकांनी वर बघितलं. "कधीपासनं?"

"साळू पडली त्या दिवसापासनं. दुसरं काय शिवलंच न्हवतं तिला."

"मग तिथं बोलली का नाय?"

"बोलून?" ती हसली. रागावली असती तर बरं झालं असतं. "तुमच्यापुढं माझं कोन ऐकनार हुतं? तुमीच ऐकत नव्हता."

"चुकलो, बाय."

"मला सांगून काय? मला म्हाईतच हुतं." ती शेडकडे वळली. "जिथं बोललात तिथं सांगा."

काका चपला हातात घेऊन परत आले. का, ते मी विचारलं नाही. स्कूटरवर मागे बसलेला तो डोंगर मला हलका लागत होता.

पुढच्याच रविवारी, चर्चमधला मिस्सा सुटल्यावर, त्याच टपरीमागे त्यांनी सगळ्यांना बोलावलं. सगळं सांगितलं. शेवंती, गाठ, घाई, म्होरकी. "साळूला माझ्या घरातनं लागलं. तुमच्या सगळ्यांच्या घोड्यांना माझ्या हातानं लागलं. मी त्या बायला खोटी पाडली. मी तिला नाव ठेवलं. ते नाव मी परत घेतो."

मग दामू उठला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे काका. होतं. तुम्ही मुद्दाम केलं काय?"

"आनि फुकट म्होरकी दिली तुम्ही आम्हाला," दुसरा म्हणाला. "एवढी वर्षं."

"घोड्या तुम्हीच वाचवल्या ना?"

"काकांसारखा मानूस नाय. कबूल करायला छाती लागते!"

आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरंच सांगतो, टाळ्या. टपरीवाल्याने काकांना स्पेशल चहा दिला. माफ करायला त्या सगळ्यांना मिळून एक कटिंग संपायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. काका तो ग्लास हातात धरून उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. शिव्या खायला आलेल्या माणसाला कुणी हार घालावा तसं.

"मग सुमनबाईला येत्या सीझनला वराती द्याल?" त्यांनी विचारलं.

सगळे इकडे तिकडे बघू लागले.

"देऊ की," दामू म्हणाला. "पन काका, हॉलवाले ऐकत नाय. नाव झालंय ना तिचं. आनि तिची घोडी शिट्टी मारते. गिऱ्हाईक विचारतं, काय झालंय हिला? उगाच कशाला विषाची परीक्षा?"

"तपासनी तिची स्वच्छ आली. माझी नाय आली!"

"ते आपल्याला कळतं काका. लोकांना कुठं कळतं?"

त्यानंतर काका हॉल-हॉल फिरले. मॅनेजरांसमोर उभे राहून पुन्हा पुन्हा तेच सांगायचे, आणि मॅनेजर दर वेळी आदराने खुर्ची पुढे करून म्हणायचे, "काका, तुम्ही शेवंतीला पाठवा ना, बरी झाली असेल तर." शेवंती बरी झाली होती. तपासण्या लागोपाठ स्वच्छ आल्या होत्या. तिला कोणी गाठीवाली म्हटलं नाही. आजार जिच्या घरातून आला ती घोडी पुन्हा लाडकी झाली, आणि जिला आजार दिला तिचं नाव मागे राहिलं. काका एकदा मला म्हणाले, "पुंग्या, मी शब्द घोडीसारखा सोडला. वाटलं, हाक मारली की येईल परत."

शेवटी त्यांनी ज्या हॉलवाल्याने शेवंती मागितली त्याला एकच उत्तर द्यायला सुरुवात केली: "साळू घे. नाय तर माझ्या चारही नाय." बरेच जण दुसरीकडे गेले. एकाने घेतली.

ती वरात पापडीहून निघाली. मी पुढच्या रांगेत होतो. सुमनबाईचा नवरा कारखान्यात अडकला होता, आणि सुमनबाई शेजारून चालत होती, पण लगाम धरायला काका होते. मोतद्दार म्हणून. डोक्याला साधं फडकं. साळूच्या तोंडावर साधी, रोज धुतलेली नायलॉनची दोरी. चढावर तिचा श्वास शिट्टी वाजवू लागला तसे ते तिच्या बरोबरीने हळू झाले. वऱ्हाडी चिडले, काका हळूच चालले.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांना ओळखणारी माणसं. गॅलरीतून, दुकानांच्या पायऱ्यांवरून लोक हात करत होते.

"वा मिंगू काका! नवी घोडी घेतली?"

"माझी नाय," काका म्हणत होते. "सुमनबाईची हाय. हिची. ह्या बायची."

"मस्त हाय काका तुमची घोडी!"

"माझी नाय! सुमनबाईची!"

नाक्यावर गर्दी दाटली. बँडमास्तरने काठी वर केली: जोरात. आम्ही ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ढोल, सगळं एकदम सोडलं. मी तिरकं बघितलं. काकांचे ओठ हलत होते. एका हाताने लगाम, दुसऱ्या हाताने ते प्रत्येक ओळखीच्या माणसाला थांबवून सुमनबाईकडे बोट दाखवत होते, आणि ती माणसं हसून मान हलवत पुढे जात होती, कारण त्यांना काही ऐकू येत नव्हतं. किल्ल्यावरची कबुतरं उडवणारा आवाज, आणि माझ्या ट्रॉम्बोनमधून तो दोन हातांवरही पोचत नव्हता.

त्या पावसाळ्यात ते गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या नाक्यावर. तेव्हाच मास्तरने काठी पुन्हा वर केली आणि मी आणखी जोरात फुंकलं.